आमच्या माघारी : संस्था की वस्तीतले घर?

तीव्र बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा दोन-तीन अपंगत्वे एकत्र असलेल्या प्रौढ माणसाला चोवीस तास कुणीतरी लागते. घास भरवायला, डायपर बदलायला, रात्री कूस पालटून द्यायला, फिट आली तर डोके सांभाळायला. भारतात हे काम आजही मुख्यतः घरातच होते, आणि ते करणारी बहुतेक वेळा आई असते. आई थकली, वडील गेले, भावंडे परगावी स्थिरावली की अशा मुलांचे पालक वर्षानुवर्षे मनात बाळगत असलेला प्रश्न समोर येऊन ठाकतो : आमच्या माघारी याचे काय? त्याला जगात दोन प्रकारची उत्तरे दिली गेली. पहिले निवासी संस्थेचे. एका आवारात पन्नास, शंभर, कधी काही हजार माणसे. त्यांच्यासाठी मावश्या, डॉक्टर, एकच मोठे स्वयंपाकघर. दुसरे वस्तीतल्या घराचे. नेहमीच्या आळीत, नेहमीच्या इमारतीत राहणारे चार-पाच जण आणि त्यांना आधार देणारे एक-दोन कर्मचारी. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराने १९ व्या कलमात दुसऱ्या उत्तराला हक्काचे रूप दिले, आणि भारताने हा करार २००७ साली मान्य केला. तरी वाद संपलेला नाही. त्याच्या दोन बाजू येथे आग्रही आणि साशंक यांच्या तोंडून मांडल्या आहेत. आग्रहीचा भर वस्तीतल्या घरावर आहे. संस्था मोडीत काढण्याच्या घाईत माणसे चिरडली जातील, अशी साशंकाला भीती वाटते.

आग्रही : संस्थेतला दोष माणसांच्या चांगलेवाईटपणात शोधू नये, तो तिच्या रचनेत आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ साली ‘असायलम्स’ या पुस्तकात मनोरुग्णालय, तुरुंग आणि लष्करी बराक यांतला समान धागा दाखवून दिला. माणूस एरवी एका ठिकाणी झोपतो, दुसरीकडे काम करतो, तिसरीकडे मन रमवतो. येथे ही तिन्ही अंगे एका छपराखाली, एका अधिकाऱ्याच्या हाताखाली आणि एका घंटेवर चालतात. शंभर जणांना आंघोळ घालायची तर रांग लागते. रांग वेळेत संपवायची तर पहाटे पाचला उठवावे लागते. कपडे एकत्र धुतले जातात, म्हणून कुणाचा सदरा कुणाच्या अंगात जाईल याचा नेम नसतो. उवा होतील म्हणून मुलींचे केस कापले जातात. दिवसपाळीच्या मावश्यांना शेवटची एसटी गाठायची असते, म्हणून रात्रीचे जेवण साडेपाचला उरकते. यातला एकही निर्णय दुष्ट माणसाने घेतलेला नसतो. प्रत्येकामागे सोयीचे कारण असते, आणि या सोयींची बेरीज झाली की त्या माणसाच्या दिवसातला एकही तास त्याचा स्वतःचा राहत नाही.

ही रचना पुढे कुठवर जाते ते न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या विलोब्रुकने दाखवले. चार हजारांसाठी बांधलेल्या त्या सरकारी संस्थेत १९६५ च्या सुमारास सहा हजारांच्या घरात माणसे कोंबलेली होती. उघडी, मळलेली, जमिनीवर पडलेली मुले १९७२ साली दूरचित्रवाणीवर दिसली तेव्हा अमेरिका हादरली. त्याच चित्रणात बर्नार्ड कॅराबेलो बोलला. त्याला सेरेब्रल पाल्सी होती. बुद्धी शाबूत असताना त्याच्यावर मतिमंद हा शिक्का बसला होता आणि त्याची अठरा वर्षे तेथे गेली होती. बोलणे अडखळणारे असल्यामुळे त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे कुणी विचारलेच नव्हते. पुढे खटला झाला, १९७५ साली न्यायालयीन तडजोड झाली, १९८७ मध्ये विलोब्रुक बंद पडले. हे सगळे दूरच्या देशात घडले असे म्हणून हात झटकता येत नाहीत. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. मासिक पाळीची स्वच्छता राखणे अवघड जाते, असे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेथेही तेच तर्कशास्त्र होते : व्यवस्थेला जड जाणारे काम कमी करण्यासाठी माणसाचे शरीर कमी करायचे.

साशंक : विलोब्रुकचे चित्र विसरता येण्याजोगे नाही आणि शिरूरचे तर त्याहून नाही. पण विलोब्रुकमध्ये चार हजारांच्या जागी सहा हजार होते, कर्मचारी आणखी कापले जात होते. उपाशी ठेवलेल्या संस्थेवरून संस्था या कल्पनेचाच निकाल लावणे योग्य नव्हे. उपाशी ठेवलेले लहान घरही तितकेच प्राणघातक ठरते, याचा पुरावा दक्षिण आफ्रिकेत आहे. गाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्याने लाइफ एसिडिमेनी या खासगी कंपनीशी असलेला करार संपवला आणि २०१६ च्या मध्यापर्यंत हजाराहून जास्त मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षम व्यक्तींना तिच्या केंद्रांतून हलवले. कागदोपत्री भाषा अगदी आजच्या चळवळीची होती : माणसांना वस्तीत आणायचे, स्वयंसेवी संस्थांच्या हाती सोपवायचे. त्यातली १४४ माणसे मेली. कुणी भुकेने, कुणी पाण्यावाचून, कुणी थंडीने, कुणी नेहमीचे औषध न मिळाल्याने. आपला माणूस कोणत्या घरात नेला आहे हे शोधत नातेवाईक गावोगाव फिरले. काहींना तो शवागारात सापडला. आपल्याकडे एरवाडीलाही आवारभर पसरलेली सरकारी इमारत नव्हती. तमिळनाडूतल्या त्या दर्ग्याच्या गावात खासगी माणसाने चालवलेली झोपडी होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तिला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जळाली. लहानपणामुळे तेथे कुणाचे रक्षण झाले नाही. उलट लहान असल्यामुळे कुणाचे लक्षच गेले नव्हते.

याहून मुळातली हरकत निराळी आहे. अमेरिकेत आणि युरोपात सरकारने शंभर वर्षे माणसे घरातून उचलून संस्थांत नेली, म्हणून तेथे त्यांना परत आणण्याला अर्थ आहे. भारतात असे झालेच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांतल्या सुमारे १५ लाख बौद्धिक अक्षम. त्यांपैकी संस्थेत असलेले मूठभर. बाकीचे घरीच आहेत, म्हणजे वस्तीतच आहेत. सत्तरीची आई चाळिशीच्या मुलाला पलंगावरून खुर्चीत बसवते आणि तिच्या कमरेचा मणका सरकलेला असतो. ती दहा ठिकाणी अर्ज करते आणि दहा ठिकाणांहून जागा नाही असे उत्तर येते. ‘संस्था बंद करा’ ही घोषणा तिच्या कानावर गेली तर तिला काय वाटेल, याचा विचार चळवळीने करायला हवा.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. दोन्ही बाजू आतापर्यंत मृत्यू आणि अत्याचार यांच्या आधारे बोलल्या आहेत, आणि अशा वादात ते अटळ असते. पण तीव्र अपंगत्व असलेल्या बहुतेकांचे आयुष्य ना विलोब्रुकमध्ये जाते ना एरवाडीत. ते जाते साध्या, कंटाळवाण्या, एकसारख्या दिवसांत. कोणती व्यवस्था चांगली हे ठरवायचे तर त्या दिवसांकडे पाहावे लागते. पुढचा संवाद हळूहळू तिकडे वळतो.

आग्रही : लाइफ एसिडिमेनीला वस्तीतल्या जीवनाचे उदाहरण मानणे म्हणजे शब्दाला भुलणे होय. तिथल्या आरोग्य लोकपालांच्या २०१७ च्या अहवालाने दाखवले की ज्या २७ संस्थांकडे माणसे सोपवली गेली त्यांतल्या एकीचाही परवाना वैध नव्हता. एका ठिकाणची गर्दी दुसऱ्या, आणखी गरीब ठिकाणी ओतली गेली. हेतू पैसे वाचवण्याचा होता. त्याच्या शेजारी स्वीडन ठेवून पाहावे. तेथे १९९४ पासून आधारसेवा आणि समूहातले घर मिळणे हा कायदेशीर हक्क झाला. घरे उभी राहत गेली. १९९७ च्या कायद्याने उरलेल्या संस्था १९९९ अखेर बंद करायला सांगितले. आधी घर, मग कुलूप. पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्ट या संस्थेचा अनुभवही नोंदलेला आहे. न्यायालयाच्या आदेशाने तेथून बाहेर पडलेल्या हजाराहून जास्त माणसांचा पाठपुरावा करणारा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या हाताने खाणे, कपडे घालणे, शौचाला जाणे यांत माणसे पुढे गेली होती. ज्यांच्याविषयी ‘हे काही शिकणार नाहीत’ असे ठरवले गेले होते तीही त्यांत होती. स्थलांतराला कडाडून विरोध करणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांचे मत नंतर बदलले, ही त्यातली सर्वांत बोलकी नोंद आहे.

भारतातली माणसे वस्तीतच आहेत, हेही तपासून पाहावे लागेल. आतल्या खोलीत, पाहुणे आले की दार ओढून घेतलेल्या माणसाला वस्तीत राहणारा म्हणता येईल का? संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१७ च्या टिप्पणीत नेमके हेच सांगितले आहे. संस्था आकारावरून ओळखायची नसते. मदतनीस कोण असेल, कुणाबरोबर राहायचे, जेवायचे केव्हा, यांवर माणसाचा काहीच ताबा नसेल, तर चार जणांचे घरही संस्थाच ठरते. मग आईच्या घरातली ती खोलीही त्याच व्याख्येत बसते, आणि तेथे आईही कैद असते. तिला हवी आहे आठवड्यातून दोन दिवस येणारी मदत, महिन्यातून चार दिवसांची विश्रांती, आणि स्वतःच्या माघारी त्याच आळीत मुलाचे राहणे. संस्थेत जागा हा तिचा अर्ज आहे, कारण अर्जावर दुसरा रकानाच नाही.

साशंक : तो दुसरा रकाना कायद्यात आहे, आणि तरी कुणाच्या हाती येत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी त्याने ‘घरौंदा’सारखी प्रौढांच्या घरांची योजना आखली, ‘निरामय’मधून एक लाखाचा आरोग्यविमा दिला, पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समित्या नेमल्या. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या ५ व्या कलमानुसार कुणावरही विशिष्ट निवासात राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि घरपोच, निवासी व वस्तीतल्या आधारसेवा उपलब्ध करून द्यायच्या आहेत. त्या ओळीत ‘निवासी’ हा शब्दही आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते; कायद्याने पर्याय मागितले आहेत, एकच उत्तर दिलेले नाही. या सगळ्याच्या जोडीला हातात काय पडत आले? संजय गांधी निराधार योजनेचे मानधन २०२३ साली हजाराचे दीड हजार झाले. मोठ्या माणसाचे महिन्याचे डायपर त्यात बसत नव्हते.

शिवाय ‘संस्था’ हा शब्द मराठीत परका किंवा थंड नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले ते वाळीत टाकलेल्या माणसांसाठी. वस्तीने ज्यांना दगड मारले त्यांनी आपले गाव वसवले, शेती केली, पुढे अपंगांनाही जागा दिली. त्या वेगळेपणातून त्यांना मान मिळाला. बदलापूरची ‘आधार’ किंवा डोंबिवलीजवळ खोणी गावातले अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ सरकारने माणसे डांबायला उभारलेले नाही. पालकांनी एकत्र येऊन, पदरचे पैसे घालून आपल्या मुलांसाठी ते घडवले. तेथे वीस-पंचवीस वर्षे एका खोलीत राहिलेल्या दोघांना वेगळे काढून दोन इमारतींत ठेवणे, याला मुक्तता म्हणायचे का? शहरातल्या सोसायटीचा अनुभवही ज्याने घेतला आहे त्याला ठाऊक आहे. चार बौद्धिक अक्षम तरुणांसाठी सदनिका भाड्याने घ्यायची ठरली की सभा भरते. लिफ्टमध्ये मुले घाबरतील, रात्री ओरडण्याचा त्रास होईल, जागेचा भाव उतरेल. अशा इमारतीत पाच जण राहायला गेले तरी ते वस्तीत राहतात असे नाही. ते वस्तीच्या मध्यभागी एकटे राहतात.

आग्रही : पालकांनी उभारलेल्या त्या घरांपुढे मान तुकवावीच लागते. समाजाने काही केले नाही तेव्हा त्यांनी केले. पण ‘संस्था’ शब्दाला मराठीत जो मान आहे त्याचीच दुसरी बाजूही पाहायला हवी. सेवाभावी माणसाला हिशेब विचारणे आपल्याला अवघड वाटते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि वही न उघडता तो परततो. संस्थापकाच्या थोरवीवर उभे राहिलेले काम त्याच्या माघारी डळमळते. फ्रान्समध्ये ज्याँ व्हानिए यांनी १९६४ साली सुरू केलेल्या ‘लार्श’ने बौद्धिक अक्षम व्यक्तींबरोबर एका घरात राहण्याची कल्पना जगभर नेली, बंगळुरूचे ‘आशा निकेतन’ १९७० पासून त्याच कुटुंबातले. व्हानिए यांना लोक संत मानत. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे लार्शनेच नेमलेल्या स्वतंत्र चौकशीतून बाहेर आले. लार्शने ते स्वतः जाहीर केले आणि काम चालू ठेवले, हे तिचे मोठेपण. पण एका माणसाच्या पुण्याईवर इतरांची सुरक्षितता सोपवता येत नाही, एवढे त्यातून घ्यावे.

आनंदवनाची तुलना फार ताणू नये, कारण तेथले लोक स्वतः निर्णय घेत होते, कुदळ हाती घेत होते. तीव्र अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेत बाहेरचा माणूस कसा येतो ते पाहावे. तो वाढदिवसाचे जेवण द्यायला येतो, किंवा वडिलांच्या वर्षश्राद्धाचे. भावना खरी असते. मुले ओळीने बसतात, जिलेबी वाढली जाते, फोटो निघतो, गाडी जाते. आत राहणारा माणूस वर्षभर दुसऱ्यांचे वाढदिवस जेवतो आणि त्याच्या नावाने कुणी त्याला हाक मारत नाही. आळीत राहणाऱ्याचे तसे होत नाही. रोज सकाळी मदतनिसाबरोबर दूध आणायला चाकाच्या खुर्चीत येणारा मुलगा दुकानदाराला माहीत होतो. तो चार दिवस दिसला नाही तर ‘काय झालं, बरं नाही का त्याला?’ असा प्रश्न येतो. हा प्रश्न विचारणारे कुणीतरी असणे म्हणजेच देखरेख. कोणत्याही तपासणी पथकापेक्षा ती अधिक भरवशाची असते. सोसायटीचा विरोध खरा आहे, पण तो ओळख नसल्याचा आहे. आणि माणसे कुंपणाआड ठेवली तर ती ओळख कधी होणार?

साशंक : दुकानदाराचा प्रश्न मोलाचा आहे, हे मान्य. मात्र रात्री दोन वाजता फिट थांबत नाही तेव्हा दुकान बंद असते. जेवणाचेच उदाहरण घ्यावे. तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाला भरवायचे तर आधी पाठीला उशा लावून ताठ बसवावे लागते, हनुवटी किंचित खाली आणावी लागते. वरणात कालवलेला मऊ भात, अर्धा चमचा. तो जिभेच्या मध्यावर ठेवायचा. ओठ मिटण्याची वाट पाहायची. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की घास उतरला असे समजायचे. मग पुढचा. मध्येच ठसका लागला की थांबायचे, पाठ चोळायची, तोंड पुसायचे. असे एक जेवण चाळीस मिनिटे चालते. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाते, दोन-चार दिवसांत ताप चढतो, न्यूमोनिया होतो. अशा माणसांच्या मृत्यूचे ते एक मोठे कारण आहे. हे कसब शिकवावे लागते, आणि शिकलेली मावशी रजेवर गेली तर तिच्या जागी तितकीच शिकलेली दुसरी लागते. दोन मदतनिसांच्या घरात एक आजारी पडली की काय? मोठ्या आवारात निदान शेजारच्या इमारतीतून कुणी धावत येते, परिचारिका असते, घशातली लाळ ओढून घेणारे यंत्र असते, वीज गेली तर जनरेटर असतो. कॅलिफोर्नियात १९९६ साली स्ट्रॉस आणि कास्टनर यांनी मांडले की आजाराची तीव्रता जमेस धरूनही संस्थेबाहेर राहणाऱ्यांत मृत्यूचा धोका अधिक दिसतो. त्यावर मोठा वाद झाला, दुसऱ्या संशोधकांना तसा फरक आढळला नाही. पण ज्याच्या मुलाला गिळताना त्रास होतो त्या बापाला असा वाद चालू आहे एवढेच कळले तरी त्याची झोप उडते.

आग्रही : चाळीस मिनिटांचा हिशेब नेमका आहे, आणि तो दोन्ही व्यवस्थांना लावून पाहावा. एका मावशीकडे दहा जण असतील तर चाळीस गुणिले दहा, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास, तेही एका जेवणाचे. ते शक्य नसते. म्हणून मोठ्या संस्थेत ताट दहा मिनिटांत संपते. भात आणखी पातळ होतो, चमचा मोठा होतो, मान मागे कलली तरी कुणी थांबत नाही. लाळ ओढायचे यंत्र तेथे आहे, पण ते लागू नये यासाठी लागणारा वेळ नाही. तीन जणांमागे एक मदतनीस असेल तर तो वेळ निघू शकतो. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, रात्री फोनवर मिळणारा डॉक्टर हे पाच-सहा घरांना मिळून ठेवता येतात. त्यासाठी सगळ्यांनी एका छपराखाली झोपायची गरज नाही. चेन्नईच्या ‘बनियन’ या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ या उपक्रमात दीर्घकाळ संस्थेत काढलेल्या स्त्रियांना गावातल्या भाड्याच्या घरांत चार-पाच जणींच्या गटाने राहायला दिले, सोबत आधार देणारी स्त्री दिली. त्या मुख्यतः मानसिक आजार असलेल्या आहेत, गिळता न येणाऱ्या नाहीत, हा फरक मान्यच. पण ज्यांना वीस वर्षे ‘या बाहेर जगू शकणार नाहीत’ असे म्हटले गेले त्या बाजारात जाऊ लागल्या.

साशंक : मग वादाचा मुद्दा बराच लहान झाला. तीन जणांमागे एक मदतनीस कुठल्याही आवारात असेल तर तेथेही घास नीट उतरेल. म्हणजे फरक मुख्यतः मनुष्यबळाचा आहे, भिंतीचा नाही.

आग्रही : भिंतीचाही आहे. मनुष्यबळ वाढले की पोट भरेल. आयुष्य कुणाच्या हातात हा प्रश्न उरेल. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे उदाहरण येथे उपयोगी पडते. शंकरबाबा पापळकर यांनी तेथे सोडून दिलेल्या अपंग आणि मतिमंद मुलांना वाढवले, वडील म्हणून स्वतःचे नाव दिले, काहींची लग्ने लावून दिली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी अशी आहे की अठरा वर्षांनंतरही या मुलांना तेथेच राहू देणारा कायदा व्हावा. सध्याच्या नियमांत अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटते. अनुरक्षणगृहाची सोय आणखी काही वर्षांचीच. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही त्याने वयाचा दाखला पाहून बाहेर पडायचे.

साशंक : या एका गोष्टीवर मतभेद नाही. कॅलेंडर पाहून माणसाला घराबाहेर काढणारा नियम चुकीचा आहे. पण वझ्झरवरून उलटाच निष्कर्ष निघतो. मुलांना तेथेच राहायचे आहे. एका माणसाने संस्थेचे घर केले, आणि त्या घरातून कुणी हलवू नये एवढेच मागणे आहे. वस्तीतल्या घराचे तत्त्व तेथे लावले तर तुम्ही त्यांना पुन्हा उठवणार.

आग्रही : उठवायचे नाही. त्यांचा हक्क मान्य करायचा तर तो राहण्याचाही आहे आणि जाण्याचाही. वझ्झरला जे घर वाटते ते कशामुळे, हे पाहावे : बापाचे नाव, शाळा, नोकरी, लग्न. या सगळ्या आवाराबाहेर नेणाऱ्या वाटा आहेत. ज्या संस्थेला अशा वाटा आहेत ती आपोआप विरळ होत जाते, आणि तसे होण्यात तिला कमीपणा वाटू नये. खरा आग्रह एवढाच आहे की यापुढे तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी नवी शे-दोनशे खाटांची इमारत उभी राहू नये. एकदा ती बांधली की तिच्या दुरुस्तीला, पगारांना, वीजबिलाला पैसा जात राहतो आणि घरपोच मदतीसाठी काही उरत नाही. तोच पैसा माणसाच्या नावे असला, तो जिथे राहील तिथे त्याच्यामागे गेला, तर आई आपल्या घरी मदतनीस ठेवेल, दुसरी चार कुटुंबे मिळून घर घेतील, तिसरा खोणीलाच राहील.

साशंक : आणि तसा पैसा सुरू होईपर्यंतची दहा वर्षे? आज नवी इमारत नको म्हटले की प्रतीक्षायादीवरची सत्तरीची आई यादीवरच मरते. तिचा मुलगा मग ना संस्थेत जातो ना वस्तीतल्या घरात. तो भावाच्या गच्चीवरच्या खोलीत जातो, किंवा रेल्वे स्थानकावर सापडतो. आधी पर्याय उभा राहावा, मग दार बंद व्हावे, हे आपणच स्वीडनविषयी सांगितले.

आग्रही : पण पर्याय उभा राहिलाच नाही, याला संस्था आहे हेच निमित्त झाले. जागा आहे, पाठवून द्या, असे म्हणता येते तोवर घरपोच मदतीची निकड कुणाला वाटत नाही. दोन्ही खरे आहे, आणि कोणते आधी हे ठरवताना चूक झाली तर किंमत दुसराच कुणी देतो, हेही खरे. या क्रमाविषयी आपले एकमत होईल असे वाटत नाही. मात्र ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्याला विचारण्याची एक रीत आहे. हलवायच्या आधी त्याला नव्या घरी चार दिवस न्यायचे, परत आणायचे, पुन्हा न्यायचे. बोलता येत नसले तरी तो सांगतोच. कुठे नीट जेवतो, कुठे रात्री दचकून उठतो, कुणाचा आवाज ऐकला की पाय हलवतो, कुणी जवळ आले की अंग आखडून घेतो.

साशंक : ती खूण वाचणार कोण? परक्याला पाय हलणे म्हणजे झटका वाटेल. आनंदाने हलणारा पाय आणि दुखण्याने हलणारा पाय यांतला फरक ज्याने पाच-दहा वर्षे त्याला भरवले आहे, कूस पालटून दिली आहे, त्यालाच कळतो. अशी माणसे दोनच असतात. एक आई, आणि तिचे वय झालेले आहे. दुसरी मावशी, आणि तिचा करार अकरा महिन्यांचा आहे.